देओलिंदाबाईंची एक ओळ

विल्फ्रिदोने देओलिंदाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कॉम्प्युटरला असं काही झापत होत्या, की सीमेवरच्या एन्कार्नासिओन शहराच्या बस स्थानकावरची कबुतरं नदी ओलांडून थेट अर्जेंटिनात आश्रयाला गेली. निदान विल्फ्रिदो तरी अजून तसंच सांगतो.

बस कंपनीचा तिकिटांचा प्रोग्राम सांभाळायला ऑफिसात हे दोघंच. चूक शोधायची म्हटलं, की विल्फ्रिदो एकेका फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका काम करणाऱ्या तुकड्यात, हाताने ‘इथे आलो’, ‘इथून गेलो’ लिहीत बसे आणि नंतर पुसायला विसरे. बाईंनी कपाळावर हात मारला.

“अरे, घरातल्या प्रत्येकाच्या मागे काय फिरतोस? दारात एक चोंबडी म्हातारी बसव!”

ही म्हातारी म्हणजे डेकोरेटर. क्लास म्हणजे फंक्शनांचं घर; त्याच्या डोक्यावर ती एक ओळ चढवली, की आतलं प्रत्येक फंक्शन काय घेऊन आलं, काय देऊन गेलं, सगळं लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, आपोआप उमटे. तेरेरे या गार पाल्याच्या चहाचे घुटके घेत दोघं तो लॉग शेजारच्या भांडणासारखा चवीने वाचत. काय दिवस होते ते!

मग ईस्टरचा आठवडा आला. सगळा देश गावी निघालेला, आणि नेमकं तेव्हाच एकेक आसन दोघादोघांना विकलं जाऊ लागलं.

“गुरुवारपर्यंत चूक सापडली नाही, तर कागदी तिकिटं परत आणि तुम्ही दोघं घरी,” मॅनेजर ओकाम्पोस म्हणाले.

लॉग मात्र धुतल्या तांदळासारखा.

“बाई, तुमची म्हातारी झोपलीय.”

“ती काय तू आहेस?”

बुधवारी सकाळी विल्फ्रिदोच्या लक्षात आलं, की भांडणं फक्त दुमजली गाड्यांत होताहेत, आणि त्यांची आसनं धरल्याची लॉगमध्ये नोंदच नाही. दुमजली गाडीचा क्लास साध्या गाडीच्या क्लासची लेक, आईची सगळी फंक्शनं तिला आयती मिळालेली. पण आसन धरण्याचं फंक्शन तिने स्वतःचं वेगळं थाटलेलं. ओळ होती आईच्या डोक्यावर. लेकीच्या नव्या संसाराचा म्हातारीला पत्ताच नव्हता.

त्याने तीच ओळ लेकीवरही चढवली आणि लॉग घडाघडा बोलला. वरच्या मजल्यावरचं आसन देताना ते फंक्शन खालच्या मजल्यावर जागा आहे का, ते बघत होतं!

“कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?” बाई कडाडल्या.

“तुम्हीच, बाई.”

बाईंनी तेरेरेचा पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. “घे. ओकाम्पोसला मात्र कॉम्प्युटरचं चुकलं म्हणून सांग.”

गुरुवारी गाड्या भरभरून सुटल्या, एकही भांडण झालं नाही. जूनमध्ये कंपनीने तयार प्रोग्राम विकत घेतला आणि दोघांनाही कामावरून काढलं.