काट्यावरची रॅम

मुलगी वहीवर खोडरबर घासू लागली की त्या वासासरशी मला वणीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आठवतं. तेव्हा कापसाचा भाव पडला होता. कापसातून सरकी काढणाऱ्या ज्या जिनिंगमध्ये बाबा वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसायचे, ती बंद होती, आणि "दिवाळीनंतर सुरू होते," असं ते भेटेल त्याला सांगायचे. मी मात्र गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवण्यात गुंग होतो. फक्त रॅम राहिली होती. नवी परवडत नव्हती, स्वस्तातली लावली की गेम मधेच अडकायचा, म्हणून बाबांना घेऊन त्या दुकानात गेलो. दुकानदाराने खोक्यातून एक जुनी रॅम काढली आणि तिची सोनेरी कडा खोडरबराने घासू लागला. चिपांच्या मधून रुईचा पुंजका निघाला. मागे लाल शाईत आकडा होता. साफसफाईत काट्यावरच्या कॉम्प्युटरच्या रॅमची अदलाबदल होऊ नये म्हणून बाबाच तिच्यावर तो टाकायचे. "कुठून आनली रे हे?" त्यांनी विचारलं. "जिनिंगवाल्यानं सारं भंगारात काढलं, काका. मशिनी पन गेल्या." बाबांनी त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "हेच घे. रुईच्या धुयीतही कधी बंद नाही पडली." आणि मी मूर्ख, घरी येईपर्यंत गेमबद्दलच बोलत होतो. गेम पुन्हा एकदाही अडकला नाही. बाबांनी दिवाळीचं नाव पुन्हा काढलं नाही.