गप्प फोनची जागा

म्हादू गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत त्याच्याच खुर्चीत बसून त्याच्यावर चरफडत होते. नऊला येतो म्हणाला होता आणि साडेदहा वाजून गेले होते. पलीकडे त्याची बायको होती. "सरोजाताई, सकाळी छातीत कळ आली... दवाखान्यात नेईपर्यंत..." माझा तो राग अजून तसाच अर्धवट राहिलाय.

महादेव मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ घरातला, मी सोलापुरातल्या विणकरांच्या. एकाच कॉलेजात शिकलो आणि तिथेच शिकवायला लागलो. उरलेला सगळा वेळ एका कामाला दिला. युद्धात टॉवर पडलेल्या मुलखात मदत छावण्यांतले फोन थेट एकमेकांशी बोलावेत आणि जखमी, हरवलेल्या माणसांची यादी सगळ्यांवर एकच असावी. बहुतेक फोननी मान्य केलं की नाव पक्कं. मग कुणी बंदूक रोखून एका फोनवरून ते पुसलं तरी बाकीच्यांवर राहतं. लोक याला ब्लॉकचेन म्हणतात, म्हादू गावकीचा ठराव म्हणायचा. त्यात एक नियम माझा होता. तीन हाकांना ओ न देणारा फोन फितूर समजायचा आणि नोंदींसकट बाहेर काढायचा. मी त्यावर भलतीच खूश होते.

चाचणी त्याच्या गावच्या माळावर झाली. सात जुने फोन सात जणांच्या हाती दिले, त्यात एक म्हादू स्वतः आणि एक त्याचे वडील, आण्णा. आण्णांनी चार नावं भरली, फोन खिशात टाकला आणि पळालेल्या शेळीमागे टेकाडापलीकडे गेले. परत आले तोवर ते फितूर ठरले होते. मी कारण सांगितल्यावर भडकलेच. "आवं, शेरडामागं गेलतो की! गप ऱ्हायला म्हंजी चोर व्हय? आमच्यात मागं ऱ्हायलेल्याची भाकरी काढून ठेवत्यात."

मला हसू आलं. म्हादूला आलं नाही. त्याने माझा नियम खोडला आणि नवा जुळवायला वर्ष घालवलं. हजर असलेल्यांनी काम पुढे न्यायचं, पण गप्प झालेल्याची जागा राखायची. तो परतला आणि ओळख पटली की त्याने आणलेली नावं सगळ्यांपुढे ठेवायची. ही यादी वापरणार होती ती परदेशातली मदतसंस्था 'आहे तेच द्या' म्हणून मागे लागली होती. मीही भांडले, दोन आठवडे अबोला धरला. "मग आण्णांना काय सांगू?" एवढंच विचारून तो पुन्हा कामाला लागायचा.

पुढे युद्धाच्या मुलखातल्या एका परिचारिकेचा निरोप आला. गोळीबारात तिची छावणी बाकीच्यांपासून तुटली होती आणि तिचा फोन कित्येक दिवस गप्प होता. ती दुसऱ्या छावणीत सुखरूप पोचली तशी तिच्याकडची सगळी नावं यादीत चढली, आणि एका आईला आपली लेक जिवंत असल्याचं कळलं. माझ्या नियमाने ते कळलं नसतं. मी तसं कबूल केलं तर म्हादू म्हणाला, "आण्णांना सांग. त्यांचं कलम हाय ते." श्रेयाच्या वेळी असा बाजूला होणारा माणूस माझा मित्र होता, याचा मला फार अभिमान आहे.

म्हादू गेल्यावर महिन्याभराने आण्णा प्रयोगशाळेत आले. मी म्हादूचा चाचणीतला फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"फोनांच्या यादीतनं काढलं का त्याला?"

"नाही, आण्णा."

"मग हितंच ऱ्हाऊ दे. चार्जिंग तेवढं करत जा, पोरी."

दर शनिवारी करते. फोन सुरू झाला की बाकीचे सहा त्याला ओळखतात आणि तो नसताना आलेली नावं एकेक करून त्याला देतात. ती संपेपर्यंत मी शेजारी बसून राहते.