जबाबात न उतरलेला शब्द

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे बायकोला विचारावं लागतं. पोलादपूरच्या घरपट्टीचं प्रकरण मात्र तसं झालं नाही. ते मी बऱ्याच ठिकाणी सांगितलंय, पण अर्धंच. आरोपी कसा पकडला तेवढं सांगायचो, टाळ्या घ्यायचो आणि खाली बसायचो. उरलेलं अर्धं आज लिहितो.

सावित्रीच्या खोऱ्यात वर चढत गेलेलं एक गाव, त्याच्या चार वाड्या. घरटी एक तरी माणूस मुंबईला. या भागात घरपट्टीची एक रीत पडली होती. बिल एप्रिलनंतर कधीतरी यायचं, ते देवाच्या फळीवर ठेवलं जायचं आणि शिमग्याला चाकरमानी आले की "तेवढी पट्टी भरून टाका" असं म्हणून पैसे घरात ठेवले जायचे. चाकरमानी परत जायचे. भरणं राहून जायचं, वर्ष उलटायचं, दंड चढायचा.

त्या वर्षी शिमगा झाला, मुंबईच्या गाड्या परतल्या आणि दोन-तीन दिवसांत वाड्यांवर एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. म्हणाला, आज भरलंत तर मागचा सगळा दंड माफ. बायकांनी पैसे भरले. पुढे ग्रामपंचायतीकडून थकबाकीच्या नोटिसा आल्या, तेव्हा पावत्या खोट्या असल्याचं कळलं.

पहिली खबर दिली ती खालच्या वाडीतल्या एका काकींनी. नवरा मुंबईत वॉचमन, घर त्याच सांभाळायच्या. ठाण्यात आल्या त्या चिडूनच.

"दंड माफ करतो म्हनला, म्हनून दिले. मी काय खुळी हाय?"

"पण काकी, अनोळखी माणसाला कसे दिलेत?" मी विचारलं.

"अनोळखी? माझ्या घराची लांबी-रुंदी त्यानं तोंडपाठ सांगितली. मागची पत्र्याची पडवीसुदा. माझ्या नवऱ्याला नाय ठावं तेवढं!"

हा मुद्दा मी लगेच पकडला. घराची मापं ग्रामपंचायतीत असतात, त्यावरूनच आकारणी होते. म्हणजे आतून कोणीतरी फुटलंय. ग्रामसेवक नवीन होते, त्यांना वाड्यांची नावंही धड माहीत नव्हती. उरला वसुलीचा शिपाई. पन्नाशीचा, त्याच गावच्या बौद्धवाडीतला, बिलं वाटणारा आणि पट्टी गोळा करणारा. त्याला गाव ओळखत होतं, त्यामुळे पैसे घेणारा तो नव्हता हे उघड होतं. त्यानं बाहेरच्या माणसाला मापं दिली असणार, असा माझा हिशेब.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. सकाळी बोलवायचो, दिवस मावळताना सोडायचो. त्याला बोट लावलं नाही. पण ठाण्याचं बाकडं व्हरांड्यात होतं आणि व्हरांडा रस्त्यावर. बाजाराला आलेला, यष्टीला थांबलेला, कोर्टाच्या कामाला महाडला निघालेला प्रत्येक माणूस त्याला बघून जात होता. पोलिसातला कुणीही सांगेल, काही माणसं मारानं बोलतात आणि काही लाजेनं. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी त्याला आत बसवलं नाही.

तो एवढंच म्हणायचा, "साहेब, मी कुनाला काय दिलं नाय. पट्टी लोकांची हाय. तीत मी हात घालीन?"

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. "साहेब, लोक भडकलेत. ग्रामसभा लावतोय. त्याला कामावरून काढायचा ठराव आहे."

"लावा," मी म्हणालो.

त्याच दुपारी घरून फोन आला. माझं मूळ घर कोल्हापूरकडचं, बायको तेव्हा तिकडेच होती. ती बिलाचं काहीतरी विचारत होती. मी म्हणालो, "अगं, फाळा मार्चच्या आत भरून टाक. थकवू नकोस." फोन ठेवला तर समोर आमच्या महिला हवालदार बाई हसत उभ्या. त्या महाडच्या, बोलायला फटकळ.

"साहेब, फाळ भरायचा म्हणजे? नांगर घेतलात की काय?"

"फाळ नव्हे हो, फाळा. घरफाळा. घरपट्टी."

"इकडे असं कोणी बोलत नाही बुवा. मी तर पहिल्यांदाच ऐकलं."

पण तो शब्द मी चार दिवसांपूर्वी याच खोलीत ऐकला होता. काकींच्या तोंडून, त्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगताना.

जबाब काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, "सदर इसमाने घरपट्टी भरण्यास सांगितले." आमच्या लेखनिक हवालदारांना बोलावलं. त्यांना आठवलं.

"काकी फाला-फाला असं काहीतरी म्हणत होत्या साहेब. मी विचारलं, घरपट्टीच ना? त्या हो म्हणाल्या. मग घरपट्टी लिहिलं."

त्यांची चूक नव्हती. जबाब असाच लिहायचा असतो, असं आम्ही सगळेच शिकलो होतो. माणूस बोलतो त्याच्या भाषेत, आम्ही उतरवतो ठाण्याच्या भाषेत. चूक माझी होती. काकी बोलल्या तेव्हा मी समोर होतो. कोकणातला कोणीही अधिकारी असता तर तो शब्द त्याच्या कानाला खटकला असता. मला खटकला नाही, कारण तो माझ्या आईचा शब्द होता. घरातलं माणूस दारातून आत यावं तसा तो आला आणि मी मान वर करून बघितलंही नाही.

आता प्रश्न सरळ झाला. घरांची मापं माहीत असलेला आणि घरपट्टीला फाळा म्हणणारा माणूस कोण? पावसाळ्यानंतर आकारणीसाठी घरं मोजायला एका खासगी कंपनीची पोरं आली होती. उन्हातून तोंडाला रुमाल बांधून फिरायची, त्यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते. कंपनीकडे चौकशी केली. एक जण काम सोडून गेला होता, ओळखपत्र परत न करता. कोल्हापूर जिल्ह्यातला. महाडला खोली करून राहत होता. उचलून आणला.

मी त्याला गुन्ह्याचं काही विचारलं नाही. शेजारच्या खोलीत काकींना हवालदार बाईंसोबत बसवलं, दार लोटून घेतलं. फक्त आवाज ऐकवायचा होता, चेहरा नाही, कारण ओळख परेड बाकी होती. चहा मागवला आणि माझ्या गावाकडच्या बोलीत सुरुवात केली.

"काय मर्दा, कुठलं गाव?"

तो सैलावला. "पन्हाळ्याकडं, साहेब. तुमी बी तिकडचंच वाटतं?"

"तिकडचाच की. आई हाय न्हवं? घरचा फाळा कोण भरतंय?"

"मीच की. मार्चच्या आत दरसाल भरतोय. आमच्या आईला फाळा थकल्याला अजिबात खपत न्हाई."

शेजारच्या खोलीतून काकींचा आवाज आला, कुजबुजायचं म्हणून त्यांना सांगितलं होतं तरी. "ह्योच गो बाय! ह्योच तो मेला!"

त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहाचा कप खाली ठेवला. पुढचं सगळं कागदोपत्री व्यवस्थित झालं. ओळख परेड तहसीलदारांनी घेतली, बायकांनी त्याला बिनचूक ओळखलं. खोटी पावतीपुस्तकं खोलीवर सापडली. शिपायाचं त्यानं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट मी सांगत आलो. पुढची ही.

आरोपी सापडला तरी ग्रामसभेतला शिपायाला काढायचा ठराव तसाच होता. सभेला कोणी मला बोलावलं नव्हतं. मी गणवेशात गेलो. ठराव वाचायच्या आधी सरपंचांकडे बोलायची परवानगी मागितली. समोर सगळं गाव, शिपाई मागे खांबाला टेकून उभा. मी सांगितलं, हा माणूस निर्दोष आहे. त्याच्यावरचा संशय गावाचा नव्हता, माझा होता. आरोपीचा धागा, 'फाळा' हा शब्द, पहिल्याच दिवशी माझ्या कानावर पडला होता आणि माझ्याच घरचा म्हणून मी तो ऐकला नाही. त्याऐवजी याला बाकड्यावर बसवला. मी त्याची माफी मागतो.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमी पन फालेवालेच काय?" आणि सगळी सभा हसली. मीही हसलो. ठराव कोणी वाचलाच नाही.

मग प्रश्न सुरू झाले. दंड दारावर माफ होतो का? होत नाही, कोणाच्याच हातात ते नसतं. आधी बिल येतं, मग पैसे, मग कार्यालयाची पावती. वर्षाच्या सुरुवातीला भरली तर सूट मिळते, हे ग्रामसेवकांनी सांगितलं तेव्हा बायका चाकरमान्यांच्या नावानं बोटं मोडू लागल्या. काकी उठल्या आणि म्हणाल्या, "शिमग्याची वाट कशाला बघायची गो? पट्टी काय पालखी हाय, शिमग्यालाच निघायला?"

पुढच्या वर्षी त्या गावाची घरपट्टी दिवाळीच्या आधीच जमा झाली. तालुक्यात त्याचं नाव निघालं. वसुली त्याच शिपायानं केली.

त्या दिवशी सभा सुटल्यावर तो जीपपर्यंत आला होता. नमस्कार केला नाही. म्हणाला, "साहेब, एकट्याला बोलावून माफी मागितली असतीत, तर मी घेतली नसती."

"का?"

"बाकड्यावर चारचौघांत बसवलं व्हतंत."

मी मान हलवली. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक ठाण्यात फिर्यादीचा शब्द जसाच्या तसा जबाबात लिहायचा, असा माझा हुकूम असे, आणि संशयिताला व्हरांड्यात बसवायला बंदी. सेवेत मला बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली. पण अभिमानानं सांगावं असं मी जे केलं, ते त्या ग्रामसभेत उभं राहून केलं. ते सांगायला इतकी वर्षं लागली, कारण ते सांगायचं तर बाकड्याचंही सांगावं लागतं.