उतारावर बंद केलेलं इंजिन

पेट्रोलचा भपकारा आला, की मला भरतीच्या परीक्षेची ती सकाळ आठवते. इंझोरीहून वाशीमला जायचं होतं. एसटीत चेंगरत जाण्यापेक्षा आपली गाडी बरी, असं बाबांनीच ठरवलं. त्यांनी हौसेनं घेतलेली ती जुनी, लांबरुंद गाडी पेट्रोल मात्र बेसुमार प्यायची. म्हणून भर उन्हाळ्यात एसी बंद, उतार आला की इंजिनही बंद. मागून येणारे ऑटोसुद्धा हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. “बाबा, जरा पळवा ना, गेट बंद होऊन जाईन!” मी रडकुंडीला येऊन म्हटलं. “पळवली का लय पेट्रोल पेते ते. पोचून राह्यलो ना आपण,” ते शांतपणे म्हणाले. पोचलो तेव्हा गेटला कुलूप लागलं होतं. बाबांनी शिपायाला हात जोडले, पण त्यानं मान हलवली. परतताना बाबांनी एसी लावला आणि गाडी सुसाट सोडली. “आता कायले पळवता?” मी ओरडले. त्यांनी वेग आणखी वाढवला. पुढच्या भरतीपर्यंत माझं वय उलटून गेलं. तो राग अजून गेलेला नाही. पण परतीचा तो रस्ता आठवला, की तो राग बाबांवर धरवतही नाही.