लिंबागणेशच्या रस्त्यावरचा आडोसा

इथे लोकांचे भुताखेतांचे अनुभव वाचून खाली "त्या दिवशी जेवायला काय होतं?" अशी कॉमेंट टाकणारा जो आगाऊ माणूस असतो ना, तो मी. तेव्हा आज मीच लिहितोय म्हटल्यावर हसायचं त्यांनी खुशाल हसून घ्या.

आमच्या घरात हा विषयच बाद होता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि उमापूरच्या आमच्या घरातले ताईत, अंगारे, दारावरचं लिंबू, सगळं एका दुपारी उकिरड्यावर गेलं. श्राद्ध नाही, पितर नाहीत, कावळ्याची वाट बघणं नाही. त्यात मी पाटबंधारे खात्यात अभियंता. जे मोजता येत नाही त्याच्यावर सही करायची नाही, ही सवय. म्हणूनच जे झालं ते मोजून सांगणार आहे.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे. दादा हिवताप खात्यात आरोग्य सेवक होता. गावोगाव फिरायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि घराच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकायची. उभी नोकरी त्यानं काळ्या जड सायकलवर काढली. वडील लवकर गेले, दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, त्यामुळे मला वाढवलं त्यानंच. गेवराईच्या बाजाराला जाताना तो मला कॅरियरवर बसवायचा. थंडीत मी त्याच्या पाठीला गाल लावून बसायचो... वारा सगळा त्याच्या छातीवर, आणि मी मागे ऊबदार. शिकवलं त्यानं, लग्न लावलं त्यानं. तो रिटायर झाला तेव्हा मी त्याला गिअरची, बारीक चाकांची रोड सायकल घेऊन दिली. माझ्याकडे एक होतीच. आधी म्हणाला, "ह्यावर बसायचं का हिला खांद्यावर घ्यायचं?" पण महिन्याभरात माझ्या पुढे पळायला लागला.

दर रविवारी आमचा रूट ठरलेला. बीडहून मांजरसुंबा घाट चढायचा, तिथून बालाघाटच्या पठारावरून लिंबागणेश. रस्ता सतत खाली-वर होत जातो. दोन्ही बाजूंना सीताफळं, ज्वारी आणि मधल्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत झालेल्या द्राक्षबागा. लिंबागणेशला देवळासमोर चहा प्यायचा. देवळात आम्ही जायचो नाही, पण तिथल्या जुन्या दगडी बांधकामाकडे दादा दर वेळी नव्यानं बघायचा. चुना कसा धरला असेल म्हणायचा. वाटेत म्हातारी माणसं हाक मारायची, "ओ हिवतापवाले, आता कुनाचं रगत काढायचंय?" मग दादा थांबून त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचा आणि माझा सरासरी स्पीड पार धुळीला मिळायचा.

परतीला मात्र सकाळचा वारा समोरून असतो. सायकलवाल्यांची त्यावर एक रीत आहे. एकानं पुढे राहून वारा फोडायचा, दुसऱ्यानं त्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून आडोशाला चालवायची. मागच्याला फार कमी ताकद लागते. म्हणून पाळ्या असतात. आमची पाळी किलोमीटरच्या दगडाला बदलायची. दगड आला की पुढच्यानं उजवं कोपर हलवायचं आणि डावीकडे सरायचं. मागच्यानं उजवीकडून पुढे जायचं. आणखी एक नियम दादाचा स्वतःचा होता. "पुढच्यानं मागं बघायचं न्हाई. हँडल हलतं, मागचा पडतो. मागचा हाय, असं समजून चालायचं."

गेल्या वर्षी फेब्रुवारीतला रविवार. बागांमध्ये द्राक्षांची तोडणी चालू होती, बांधावर क्रेटच्या थप्प्या लागलेल्या. परतीला वारा नेहमीपेक्षा जास्त होता. दादा पुढे होता. पहिल्या दगडाला त्याचं कोपर हललं. मी पुढे गेलो नाही.

का नाही गेलो, ते लिहायची लाज वाटते. मांजरसुंब्याच्या अलीकडे एक चढ आहे. मोबाइलच्या ॲपवर त्या चढाचा सगळ्यात कमी वेळ आमच्या ग्रुपमधल्या एका पंचविशीतल्या पोराच्या नावावर होता. मला तो मोडायचा होता. त्यासाठी पाय राखून ठेवायचे होते, म्हणून मी दादाच्या आडोशाला बसून राहिलो. दुसऱ्या दगडाला पुन्हा कोपर हललं. मी बाटली काढून पाणी पीत असल्याचं सोंग केलं. तिसऱ्या दगडाला तो तोंडानं म्हणाला, "आता तू हो रं पुढं, मिलिंदा."

मी म्हणालो, "पुढच्या दगडाला, दादा."

"बरं," म्हणाला.

पुढच्या दगडापर्यंत तो पोचला नाही. अर्ध्या वाटेत एका बागेपाशी त्यानं ब्रेक लावला, सायकल नीट बांधाला टेकवली आणि वेलीच्या मांडवाच्या लोखंडी अँगलला पाठ लावून खाली बसला. मला वाटलं, चेन उतरली. तोडणीच्या बाया पाणी घेऊन धावत आल्या. मी त्याची छाती दाबत होतो, कुणीतरी गाडीला फोन लावत होतं... त्यानं डोळे उघडले नाहीत.

घरी वहिनींनी एकच विचारलं. "भावजी, शेवटाला कायी बोलले का हो?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. काहीच नाही. अचानक झालं."

वर्षभर ते खोटं मी बाळगलं. वहिनी सणावाराला पानात आग्रह करून वाढायच्या आणि मी अर्ध्या पानावरून उठायचो. सायकल मी माळ्यावर टाकून दिली होती.

या वर्षी दादाला जाऊन वर्ष झालं, त्याचं पहिलं पुण्यानुमोदन झालं. विहारात वंदना झाली, पोरांना वह्या वाटल्या, लोक दादाबद्दल चांगलं बोलले. माझ्याकडे बघून एक जण म्हणाला, "शेवटपर्यंत भाऊ सोबत होता, नशीब लागतं त्याला." दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल खाली काढली, हवा भरली आणि एकटाच निघालो.

आता जे सांगतो ते लक्ष देऊन वाचा. वेळ सकाळी साडेनऊची, लख्ख ऊन. पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, कसला वास-बिस नाही. लिंबागणेशचा चहा पिऊन मी परत फिरलो. वारा समोरून, तसाच दांडगा. वर्षभर सायकल नाही, पाय लाकडाचे झालेले. मान खाली घालून कसंबसं रेटत होतो. पहिला दगड गेला... आणि वारा थांबला.

पडला असेल, म्हणून बाजूला बघितलं. बागेवर पाखरांसाठी टाकलेली जाळी फडफडत होती. तोडणीच्या बायांचे पदर उडत होते. एक रिकामं क्रेट बांधावरून घरंगळत माझ्याच दिशेनं आलं आणि मागे गेलं. वारा होता. फक्त माझ्या अंगाला लागत नव्हता.

घाबरलो नाही, खरं सांगतो. मोजायला लागलो. सायकल वीतभर उजवीकडे घेतली, तर उजव्या खांद्यावर वाऱ्याचा फटका. वीतभर डावीकडे घेतली, तर डाव्या खांद्यावर. मधोमध आणली की शांत. चार-पाच वेळा करून बघितलं. तो आडोसा एका माणसाच्या रुंदीचा होता. माणूस जरा आडव्या बांध्याचा... दादाएवढा. मग मी मोजणं सोडलं. समोर नुसता रस्ता दिसत होता आणि डोळ्यांतल्या पाण्यानं तोही धड दिसेना.

दुसरा दगड गेला. तिसरा गेला. पाय आपोआप फिरत होते. लहानपणी कॅरियरवर बसायचो, अगदी तसा मी त्याच्यामागे बसलो होतो. मेल्यावरसुद्धा हा माणूस माझ्यासाठी वारा फोडतोय, आणि मी फुकट्या पुन्हा आडोशाला! मोठ्यानं ओरडलो, "दादा, बास कर!"

ती बाग आली. तो अँगल दिसला. तिथे तो आडोसा सावकाश डावीकडे सरकला. आधी उजव्या गुडघ्याला वारा लागला, मग खांद्याला, मग तोंडाला. पुढचा माणूस पाळी सोडताना जसा बाजूला होतो, तसा. यात चूक होणं शक्य नाही, शेकडो वेळा अनुभवलेलं आहे.

मी उजवीकडून पुढे झालो.

चौथा दगड, पाचवा, सहावा. एकदाही कोपर हलवलं नाही. तो चढ आला, तेव्हा छाती फुटेल असं वाटत होतं. मागून काही ऐकू येत नव्हतं. मागे वळून बघायची इतकी ओढ आयुष्यात कधी लागली नसेल. पण पुढच्यानं मागं बघायचं नाही. मागचा हाय, असं समजून चालायचं. मांजरसुंब्याला पोचलो, उतरलो, सायकल टेकवली. म्हणालो, "आलो, दादा." आणि मग वळलो. मागे क्रेट भरलेला एक टेम्पो येत होता. बाकी रस्ता मोकळा होता.

ठोके मोजणाऱ्या माझ्या छातीच्या पट्ट्याची आणि स्पीडची त्या दिवशीची नोंद आहे. पहिल्या दगडापासून त्या बागेपर्यंत स्पीड तिशीच्या आसपास आणि ठोके एखादा माणूस फिरायला निघाल्यासारखे. बागेपासून पुढे स्पीड निम्म्यावर आणि ठोके एकशे सत्तरच्या वर. ग्रुपमधल्या त्या पंचविशीतल्या पोराला दाखवली. तो म्हणाला, "सर, पट्टा सरकला असेल." असेल. पण अंगाला लागणारा वारा काही पट्ट्यात मोजत नाहीत.

तसाच वहिनींकडे गेलो. त्या ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. आजचं आधी, मग त्या दिवसाचं. तिन्ही दगड सांगितले. ॲप, चढ, पाण्याची बाटली, सगळं. वहिनींचे हात सुपातच थांबले.

"त्यांनी मागितलं तुमाला?"

"हो."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "मला पान्याचा तांब्या बी कधी मागितला न्हाई त्यांनी. सोता उठून घ्यायचे. तापानं फणफणले तरी." पदर डोळ्यांना लावला. "तुमाला मागितलं म्हंजी... लई दमले असतील हो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि चहा टाकला.

त्यानंतर मी त्या रस्त्यानं दर रविवारी जातो. तीच वेळ, तोच वारा. आडोसा पुन्हा कधी मिळाला नाही. दादानं माफ केलं, हे मन समजावायला एक उत्तर सुचतं, पण त्यावर सही करायची या अभियंत्याची हिंमत नाही. मी ज्याला आडोसा दिला नाही, त्यानं मला का द्यावा? हे तर मला त्या वाऱ्याच्या कोड्याहूनही कमी कळतं.

मागच्या रविवारी परत येताना वहिनींकडे डोकावलो. तोंड वाऱ्यानं भाजून लाल झालेलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "आता लागतो का वारा?"

"लागतो, वहिनी. लई लागतो."

"लागू द्या," वहिनी म्हणाल्या.