पळस्पे फाट्यावरची कंदीलपुष्पं

बॉटनी घेतली ती जंगलात हिंडायला मिळेल म्हणून. इंटर्नशिप मिळाली ती पनवेलमध्ये, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दुर्मिळ वनस्पतींच्या नोंदी साफ करायची. कामोठ्याहून रोज रिक्षाने यायचं आणि एक्सेलमध्ये जंगल बघायचं. ऑफिसात कुंडी एकच, आणि तिच्यातला मनीप्लांटही प्लॅस्टिकचा.

मोबाइलच्या अ‍ॅपवरून नोंदी पाठवायचे ते काका. उरणकडच्या गावातले, साठीचे, पावसाळाभर डोंगर चढून कंदीलपुष्पं शोधणारे. हे फूल पावसात थोडे आठवडे दिसतं, मग वेल वाळून जाते आणि जमिनीत नुसता कंद उरतो. काकांच्या नोंदी मी नकाशावर टाकल्या आणि खुर्चीतच हसत सुटले. सगळी कंदीलपुष्पं पळस्पे फाट्यावर, ट्रकांच्या गर्दीत फुललेली! मोठ्या ऐटीत 'चुकीच्या नोंदी' असा शेरा मारून मी सगळ्या उडवल्या. दर शुक्रवारी बॅकअप घ्यायचं कामही माझंच. तो मी अगदी प्रामाणिकपणे घेतला, उडवल्यानंतर, जुन्या बॅकअपच्या डोक्यावर.

डिसेंबरात सरकारी पत्र आलं. काका चढायचे त्याच डोंगरातून रस्ता काढायचा होता. तिथे दुर्मिळ झाडं कुठे आहेत ते चार दिवसांत कळवा. आमच्या ऑफिसच्या मॅडमनी यादी मागितली. यादीत तो डोंगर कोरा. माझी पाचावर धारण बसली. डोंगरावर आता नुसतं वाळकं गवत, पुन्हा जाऊनही काही दिसणार नव्हतं, आणि पुढच्या पावसाची वाट बघत कोणी रस्ता थांबवणार नव्हतं.

काकांना बोलावून घेतलं आणि सगळं कबूल केलं.

"अगो बाय, डोंगरान रेंज नाय," ते म्हणाले. "आमी खाली फाट्यावर येऊन, चा पिताना फारम भरतो."

फॉर्म जिथे बसून भरू तिथलीच जागा अ‍ॅप नोंदवतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना एक फोन करून विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फुलांचे फोटो काढलेत का हो?"

काकांनी फोन पुढे केला. वाळत घातलेले बोंबील, नातीचं बारसं, पुन्हा बोंबील, आणि मधूनमधून फुलं. रेंज नसली तरी प्रत्येक फोटोबरोबर तो काढला त्या जागेची नोंद शाबूत होती. दोन दिवस मी बोंबलांतून फुलं वेचत बसले आणि यादी भरली.

शेवटचा रकाना होता, 'तपासणी करणाऱ्याचे नाव'.

"तुझं टाक," मॅडम म्हणाल्या.

काका शेजारीच बसले होते. "तू कदी बगितलंस ते फूल?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"नाही."

"मंग पावसान ये."

मी रकान्यात काकांचं नाव टाकलं. मॅडम म्हणाल्या, असं चालत नाही, तपासणी ऑफिसातल्या माणसानेच करायची असते.

"मग ऑफिसातलं कोणीतरी दाखवा ना मॅडम, ज्याने हे फूल पाहिलंय," मी म्हटलं.

मॅडमनी यादी तशीच पाठवून दिली. त्यांनीही ते फूल कधी पाहिलं नव्हतं.