दिलेलं चाक

घाटाच्या वळणावर उभा राहून मी सायकल शर्यत बघत होतो. समोरच एकाचं पुढचं चाक पंक्चर झालं. त्याच्याच संघातला दुसरा लगेच थांबला. त्यानं आपल्या सायकलचं चाक काढून त्याला बसवून दिलं आणि पाठीला हात लावून त्याला चढावर ढकललं. मग बिनचाकाची सायकल धरून तो मदतीच्या गाडीची वाट पाहत राहिला.

“तुमची शर्यत गेली की,” मी म्हणालो.

“जिंकायचं त्यानं. मी त्याच्यासाठीच आलोय.”

“त्यानं वळूनही पाहिलं नाही.”

“शर्यतीत पाहायचं नसतं. वेळ जातो.”

हाताचं काळं पुसत तो सहज बोलला. मला ताई आठवली. मला शिकता यावं म्हणून तिनं कॉलेज सोडलं, तेव्हा मीही वळून पाहिलं नव्हतं. मला कुठे पोचायची एवढी घाई होती, ते आता आठवत नाही.